तात ताणणारे फागोजीभाऊ

अगं गौरी, ये, सरक जरा जवळ. कागदावरून बोलते आहे म्हणून काय झालं, लांबून सांगितलेलं माझं बोलणं कोणाच्याच डोक्यात शिरत नाही. आधी तुला रागावून घेते, मग काय ते सांगते. तुझ्या आईनं कळवलं की तू टेनिसची रॅकेट घ्यायला निघाली आहेस, आणि 'माझा खेळ ॲग्रेसिव्ह आहे, मला सगळ्यांत जड आणि सगळ्यांत कडक रॅकेट पाहिजे' असं घरभर सांगत फिरते आहेस. अगं बाई, साधी चप्पल घेताना पाय घालून बघतेस, दोन पावलं चालून बघतेस, आणि रॅकेट मात्र फोनवरचा फोटो पाहून? भंडाऱ्याला आपली एक आजी आहे, आईची मावशी, तिच्या लेकीनं टेनिस खेळलेलं आहे, तिला विचारावं, हे एकदाही मनात आलं नाही? राहू दे. रागावून झालं माझं.

खरं सांगू, रागावता रागावता मला हसूच आलं. कारण 'जोरात मारते, म्हणून जड पाहिजे' हे वाक्य पन्नासेक वर्षांपूर्वी मीही बोलले होते, आणि ते ज्यांच्यासमोर बोलले त्यांनी रॅकेटकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, "पोरीचा हात दाखवा आधी." त्या माणसाला तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या आईनंही पाहिलं नसेल. म्हणून आज लिहायला बसले.

आमचे हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत टर्नर होते. लग्नानंतर बरीच वर्षं गावी काढल्यावर आम्हाला तिथं क्वार्टर मिळालं. सकाळी भोंगा व्हायचा, बसेस भरभरून जायच्या, आणि माणसं गेली की सगळी वसाहत एकदम बायकांची होऊन जायची. मी दूध आणायला फॅक्टरीच्या साहेबांच्या क्लबच्या मागच्या रस्त्यानं जायची. पहिल्याच आठवड्यात काय बघते, तर खाकी अर्धी चड्डी घातलेला एक उंच, वाळका माणूस उकिडवा बसून शेणानं जमीन सारवतो आहे. जमीन तरी केवढी! आमच्या माहेरचं खळं चार वेळा मावलं असतं त्यात. पुरुष माणूस सारवतो हेच एक नवल. मला वाटलं, मांडव पडणार आहे. राहवलं नाही, विचारलं, "काहो भाऊ, कोणाघरचं लगन आहे?"

वर न बघता तो म्हणाला, "साहेब लोकायचं. रोज सांजच्याला लागते. दोघं इकडून उभे, दोघं तिकडून उभे, मंधात जाळी. अक्षदा मीच वेचतो."

तेव्हाच्या काळी शेणामातीची टेनिस कोर्टं असत, हे तुला खरं वाटणार नाही. पण असत. रोज सारवायची, रोलर फिरवायचा, वर चुन्याच्या रेघा मारायच्या. मी माहेरची बपेऱ्याकडची, तलावाच्या पाळीखाली आमच्या धानाच्या बांध्या, तुमच्याकडं खाचरं म्हणतात त्या, त्यामुळे सारवण मला कळतं. मी म्हटलं, "शेण जास्त झालं भाऊ, माती कमी. उन्हं तापली की भेगा पडतील."

आता मात्र त्यानं मान वर केली. "कोण्या गावच्या, वहिनी?"

"बपेऱ्याकडची."

"मी आंबागडचा. मंग बरोबर हाय. तलावाखालच्या बाईले मातीचं सांगा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर सारवणाचा रंग बदलला होता. ते लांबूनच ओरडले, "पाहून घ्या बाप्पा, आता तरी पास करता का नापास?"

हे फागोजीभाऊ. क्लबात त्यांना या नावानं कोणी हाक मारत नव्हतं, सगळे 'मार्कर' म्हणत. मार्कर म्हणजे कोर्ट सांभाळणारा, साहेबांना सरावासाठी समोरून बॉल मारून देणारा, रॅकेटची तुटलेली तात बदलून देणारा, आणि ज्याचं नाव विचारायची कोणाला गरज वाटत नाही असा माणूस. तरुणपणी ते आंबागडच्या जंगलात लाकूडतोडीला जायचे. कोर्ट बांधताना मातीकामाला म्हणून आले, आणि कामठीहून आलेल्या एका म्हाताऱ्या मार्करच्या हाताखाली राहून गेले. त्या म्हाताऱ्यानं त्यांना तात बसवायला शिकवलं. ही तात म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. ती हातानं ताणायची, भोकात दाभण खुपसून घट्ट धरून ठेवायची, मग पुढचं भोक. फागोजीभाऊंच्या उजव्या कानावर ते दाभण कायम खोचलेलं असे, वाण्याच्या कानावर पेन्सिल असते तसं. एक ओढ झाली की ते तातेला नखानं टिचकी मारून कानाशी धरायचे आणि मान हलवायचे. आवाज पटला नाही तर पुन्हा उकलायचे. पन्नास टिचक्या मारतील पण घाई करणार नाहीत.

वीस-पंचवीस वर्षं त्यांनी साहेबांच्या समोर उभं राहून बॉल परतवला, पण एकही सामना खेळले नाहीत. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही खेळलात तर या सगळ्यांना हरवाल, नाही?" तर म्हणाले, "मार्करचा पॉइंट कोण मोजते, वहिनी? माहं काम बॉल वापस देणं. जिकडून आला तिकडं, ज्याले जसा पायजे तसा." हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पण बोलून झाल्यावर ते नेटची दोरी उगाच दोनदा सोडून बांधत बसले, ते माझ्या लक्षात राहिलं.

आता निमा. माझी लेक, तुझी निमामावशी, तेव्हा आठवीत होती. शाळेतून आली की दप्तर फेकून क्लबच्या तारेला नाक लावून उभी राहायची. संध्याकाळी कोर्ट साहेबांचं. कामगारांच्या पोरांनी आत पाऊल टाकायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. फागोजीभाऊंनी काय केलं, तर थेट सेक्रेटरी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, दुपारच्याला कोर्टावर थोडे पाय पडले पायजे. नाही तं सारवण फुगते." साहेब मुंबईकडचे. त्यांना सारवण फुगतं की बसतं, काय माहीत! "ठीक आहे, मार्कर, बघ कोणी मिळतं का," म्हणाले. झालं. त्या दिवसापासून दुपारी तीन ते साडेचार सारवण बसवायला निमा.

पोरीचा खेळ म्हणशील तर तुझ्याच वळणाचा. बॉल दिसला की मारायचा. हळू, वळवून, टेकवून, असे शब्द तिच्या पोथीत नव्हते. पाचातले तीन बॉल तारेपलीकडे बसच्या रस्त्यावर. मी तारेबाहेर उभी राहून लाजेनं अर्धी व्हायची. फागोजीभाऊ मात्र शांतपणे म्हणायचे, "जाय, आण." निमा धावत जायची, आणायची, पुन्हा मारायची, पुन्हा "जाय, आण." असे कितीतरी दिवस गेले. एक दिवस ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, मी किती जोरात मारते ते तुम्ही बघतच नाही!"

"पायतो नं, बेटा. गजब मारतेस. माराले अक्कल नाही लागत. कुठं मारून राहिलो, याले लागते."

दीडेक वर्षात ती अक्कल थोडीथोडी यायला लागली. जोर तसाच, पण बॉल रेघेच्या आत. जिल्ह्याच्या शालेय सामन्यांत ती पहिली आली, आणि भाद्रपद सरता सरता नागपूरला विभागाच्या सामन्यांना जायचं ठरलं. तिथून चार मुली राज्यासाठी निवडणार होते. निमानं जेवणखाण सोडल्यासारखंच केलं. रात्रंदिवस एकच, त्या चारांत मी पाहिजे. तोपर्यंत ती क्लबातल्या कोणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटनं खेळत होती. आता पोरीला स्वतःची रॅकेट घ्यायची, असं यांनी ठरवलं, आणि आम्ही चौघं, हे, मी, निमा आणि फागोजीभाऊ, बसनं नागपूरला गेलो.

दुकानदार बोलका होता. निमाचा खेळ कसा आहे ते यांनी सांगितलं मात्र, त्यानं एक काळी-लाल पट्ट्यांची, जाड दांड्याची रॅकेट काढून काउंटरवर ठेवली. "ये लो साहब. मारने वालों की रॅकेट है. वजनदार."

यांनी ती हातात घेतली, खूश झाले. टर्नर माणूस, वजनाला भुलणारच. मीही म्हटलं, "हीच बरी. जोरात मारते, म्हणून जडच पाहिजे."

तेव्हा फागोजीभाऊ म्हणाले, पोरीचा हात दाखवा. त्यांनी निमाचा तळवा उघडला, घट्टे कुठं कुठं पडलेत ते अंगठ्यानं चाचपलं. मग तिच्या हातात दांडा दिला आणि बोटांची टोकं व तळवा यांच्या मधल्या फटीत आपलं बोट घालून पाहिलं. "हे नाही. दांडा जाड होते." दुसरी काढायला लावली. तिसरी. प्रत्येक रॅकेट ते एका बोटावर आडवी ठेवायचे, तराजूसारखी, डोक्याकडं झुकते की मुठीकडं झुकते ते बघायचे. काउंटरवर ढीग झाला. दुकानदाराचं तोंड वाकडं होत चाललं. शेवटी तो म्हणालाच, "आजकल मार्कर लोग भी सलाह देने लगे!"

फागोजीभाऊंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते यांना सांगत होते, "मिस्त्री, तुमी जंगलात कुऱ्हाड चालवली नाही म्हणून सांगतो. ज्याच्या अंगात जोर हाय, त्याले हलकी कुऱ्हाड देतेत. जड कुऱ्हाड अशक्ताले. कुऱ्हाडीच्या वजनानं तरी लाकडात जाईन म्हणून. अन् जोरवाल्याले जड दिली तं? सकाळी धा झाडं पाडन, दुपारी स्वताचा पाय तोडन." मग निमाकडं वळून, "तुह्या अंगातच जोर हाय. रॅकेटीत अजून जोर कायले पायजे? रॅकेटीत लगाम पायजे."

आणि त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवरची एक साधी, मध्यम वजनाची, मुठीकडं झुकणारी फ्रेम निवडली. पट्टे नाहीत, चमक नाही. निमाला ती धरून हात लांब करून उभं राहायला सांगितलं आणि आमच्याशी गप्पा मारत बसले. धान कसं आहे, करपा पडला का, बपेऱ्याकडं पाऊस कसा. निमाचा हात थरथरायला लागला तेव्हा म्हणाले, "किती वेळ झाला पाहा. जरा दम घे, मंग ती जड धर." जड रॅकेट धरून ती त्याच्या निम्म्या वेळात थकली. "तिसऱ्या सेटमधी हात असाच राहीन, बेटा. रॅकेट पहिल्या बॉलसाठी नाही घेत. आखरीच्या बॉलसाठी घेतेत."

तात त्यांनी स्वतः बसवली. दोन दुपारी गेल्या. मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते. मी विचारलं, जोरात मारायचं तर तात ढिली हवी की घट्ट? ते म्हणाले, "ढिली तात गलोलीवाणी हाय. बॉल दूर फेकते, पण कुठं फेकला ते तिलेच माईत नाही. घट्ट तात फेकत नाही, आयकते. पोरगी सांगन तिकडं जाते." आणि त्यांनी ती इतकी ताणली की टिचकी मारली तर एकतारी वाजावी. मग फ्रेमला चार स्क्रूंची लाकडी चौकट आवळली. तिला प्रेस म्हणत. लाकूड वाकू नये म्हणून न खेळताना रॅकेट त्यात ठेवायची. माझ्या हातात देताना एवढंच बोलले, "ओल लागू देऊ नका, वहिनी."

आता पुढचं सांगते. सांगायला अजूनही जड जातं.

भाद्रपदात आमच्याकडं भिंती पाझरतात. आठ दिवस झड लागली होती. कपडे वाळेनात, मिठाला पाणी सुटलं. मी त्या रॅकेटची काळजी करत बसले. कपाटात ठेवावी तर कपाटाला बुरशी, खुंटीला टांगावी तर भिंत ओली. आमच्या गावी नांगराचा नवा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, पाभर, सगळं चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगतात. महिनाभर धूर खाल्लेल्या लाकडाला ना ओल शिवत, ना घुण. माझ्या आईनं केलं, आजीनं केलं. क्वार्टरच्या मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची मातीची चूल होतीच. मी प्रेस काढून ठेवली, कारण तिच्यामुळं धूर आत जाणार कसा, आणि रॅकेट चुलीवर टांगली. शाळेला सुटी लागली होती, पावसानं कोर्ट बंद होतं, निमानं चार दिवस मागितली नाही. मी तर मनात खूश होते की आपणही पोरीसाठी काहीतरी करतो आहोत.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. निमानं रॅकेट मागितली. मी काढून तिच्या हातात दिली, आणि तिनं टिचकी मारली तशी तात तुटली. एक नाही, चार. वाळक्या काडीसारख्या. मग तिनं रॅकेट डोळ्यासमोर आडवी धरली. फ्रेम सुपाच्या काठासारखी वळली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. नागपूरला जायला सहा दिवस होते.

मी रॅकेट पदराखाली घेऊन एकटीच क्लबात गेले. फागोजीभाऊंनी ती हातात घेतली, नाकाशी नेली. वास आला. "धूर दाखवला?"

मी मान हलवली.

बराच वेळ ते फ्रेमवरून अंगठा फिरवत राहिले. "वहिनी, हे अखंड लाकूड नाही. पातळ पातळ पट्ट्या सरसानं चिपकवल्या हायेत. दांड्याले धूर मानवते. याचा सरस सुटते." मी रडायला लागले. "माझ्यामुळं पोरीचं..." तर त्यांनी मध्येच अडवलं. "चूक मंग पाहू. आता लाकूड पाहू."

त्यांनी सगळी तात कापून काढली. ओल्या गोणपाटात फ्रेम गुंडाळली, प्रेसमध्ये आवळली, रोज स्क्रू थोडा थोडा पिळला. सुटलेल्या पट्टीत सरस भरून बारीक सुतळीनं बांधली. चार दिवसांनी फ्रेम सरळ झाली. बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नव्हतं. पण त्यांनी निमाला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. "बेटा, हे लाकूड आता पयल्यासारखी ओढ सोसत नाही. पयल्यासारखी तात ताणली तं तुटन. ढिली बसवा लागन. म्हंजे बॉल दूर जाईन."

"मग मी कशी मारू?" निमाच्या डोळ्यांत पाणी. "मला तसंच मारता येतं, काका. जोरातच."

"पाऊण मार. उरलेला पाव तुह्याजवळ ठेव. लगाम रॅकेटीत होता, तो आता तुह्या हातात."

जाताना फागोजीभाऊ रजा काढून आमच्यासोबत आले. आयुष्यात पहिल्यांदा फुलपँट घातली होती, तीही यांची, आणि ती त्यांच्या नडगीपर्यंतच येत होती. निमा बसमध्ये त्या पँटकडं बघून हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा हसली. ते म्हणाले, "हास, हास. मिस्त्री आखूड निघाले, त्याले मी काय करू?"

पहिले दोन सामने तिनं पाऊण मारून जिंकले. मला टेनिस कळत नव्हतं, पण दरवेळी मारण्याआधी ती ओठ दाताखाली धरत होती, ते दिसत होतं. तिसरा सामना जिंकला की ती चारांत. समोरची मुलगी अमरावतीची, गोरीपान, शांत. एक सेट तिचा, एक निमाचा. तिसऱ्यात निमा पुढं होती. एकच पॉइंट राहिला होता. समोरून बॉल आला तो असा हळू, उंच, कोणी हातात आणून द्यावा तसा. आणि निमानं ओठ सोडला. पूर्ण मारला. सगळा, होता नव्हता तेवढा जोर. बॉल रेघेच्या पलीकडं वीतभर पडला.

त्यानंतर ती सावरलीच नाही. चार मुलींची नावं वाचली, त्यात ती नव्हती.

परतीच्या बसमध्ये फागोजीभाऊ पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. निमा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपली नव्हती, मला ठाऊक होतं. घरी आल्यावर सगळ्यांनी समजूत घातली. हे म्हणाले, नशीब. शेजारीण म्हणाली, पोरीच्या जातीला खेळून तरी काय करायचं. निमा स्वतः म्हणाली, "आई, शेवटचा बॉल मी बाहेर मारला. रॅकेटनं नाही मारला." पंधरा वर्षांची पोर मला धीर देत होती, त्यानं तर मी अजूनच खचले. मी क्लबच्या मागचा रस्ता सोडला. दूध आणायला लांबून, शाळेला वळसा घालून जायला लागले. फागोजीभाऊ भेटले की इकडचं तिकडचं बोलायचे, तो विषय त्यांनी काढला नाही, मी काढू दिला नाही.

निमा पुढं दोन वर्षं खेळली, नव्या रॅकेटनं, पण राज्यापर्यंत कधी पोचली नाही. मग बी.एड., मग तुमसरला शाळेत नोकरी, लग्न. दिवस कोणासाठी थांबतात?

ऐंशी साल उलटल्यावर क्लबातलं ते कोर्ट सिमेंटचं झालं. तात ताणायचं यंत्र आलं. काटा फिरवला की किती ओढ ते आकड्यात दिसतं. फागोजीभाऊंना ते यंत्र आवडलं होतं बरं का, तक्रार नव्हती. "खोटं नाही बोलत ते," म्हणायचे. पण सारवायला जमीन उरली नाही, आणि वयही झालंच होतं. गावी परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले. हे कामावर होते. मी चहा टाकला. चहा पिऊन झाला, ते उठायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं घशाशी अडकलेलं.

"भाऊ, एक खरं सांगाल? मी ती रॅकेट चुलीवर टांगली नसती, तर निमा त्या चारांत आली असती का?"

मला वाटलं, आता म्हणतील, नशिबाच्या गोष्टी हायेत, वहिनी. सगळे तेच म्हणत आले होते. ते परत खाली बसले. कप उगाच बशीत सरळ ठेवला.

"आली अस्ती," ते म्हणाले. "तो आखरीचा बॉल घट्ट तातीवरून आत पडला अस्ता. वीतभर आत. मी त्याच दिवशी पाह्यलं होतं."

माझ्या हातातला पदर तसाच राहिला. चुलीत काहीतरी पडावं आणि एकदम भडका व्हावा तसं काहीतरी छातीत झालं, आणि मग, गौरी, खरं सांगते, शांत वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कारण सगळे मला माफ करत होते, पण माझं काय चुकलं ते एकानंही मान्य केलं नव्हतं. नसलेल्या चुकीची माफी घेऊन माणसानं ठेवायची कुठं?

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं नाही. अन् न इचारता कोणाले त्याची चूक सांगणं, हे मार्करचं काम नाही. बॉल आला तं वापस देतो मी." मग म्हणाले, "चूक होती, वहिनी. मोठी होती. मायेनं केली म्हणून लहान नाही होत. पण होऊन गेली. आता तिले काहून डोक्यावर घेऊन फिरून राहिल्या? दूध आणाले शाळेवरून जाता, मी पाहतो नं. पाय दुखत असतीन."

मी हसले की रडले, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला क्लबच्या मागच्या रस्त्यानं गेले. सिमेंटचं कोर्ट पांढरं रखरखीत पडलं होतं आणि ते पहिल्या बसनं निघून गेले होते.

त्यानंतर दोन की तीन वर्षांनी आंबागडाहून निरोप आला, फागोजीभाऊ गेले. निमा आणि मी गेलो. आम्हाला उशीर झाला होता, सगळं आटोपलं होतं. घरच्यांनी निमाला ओळखलं नाही. ती कोण हे सांगताना मी अडखळले, तर तीच पुढं होऊन म्हणाली, "मी त्यांची खेळाडू." त्यांच्या म्हाताऱ्या बायकोनं तिला जवळ घेतलं. "मंग तूच ती निमा. वीतभर बाहेर मारला तो बॉल तुवाच ना, वं?" म्हणजे घरी येऊन त्यांनी तो बॉल सांगितला होता, कितीदा तरी सांगितला असेल. इतक्या वर्षांत ज्यांचा एकही पॉइंट कोणी मोजला नाही, त्यांनी हा एक हरवलेला पॉइंट स्वतःचा म्हणून जपला होता. निमा तिथं जे रडली, ते नागपूरच्या बसमध्ये रडायचं राहिलेलं होतं.

तर बाळ, रॅकेटचं म्हणशील, तर तुमच्या त्या कार्बनच्या रॅकेटांतलं मला काही कळत नाही. त्यांना धूर लागत नाही, ओल लागत नाही, हे मात्र बरं झालं. पण अंगात जोर आहे त्यानं जोर विकत घेऊ नये, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हलकी घे, हाताला पेलणारी घे, तात घट्ट बसवून घे. आणि मोठ्या सामन्याच्या आधी घरातल्या कोणी प्रेमानं त्या रॅकेटचं काही करायला घेतलं, तर भिऊ नकोस, सरळ हात धर त्यांचा. आणि त्यांचं चुकलंच, तर तसं तोंडावर सांग; मला कोणी सांगितलं नाही, म्हणूनच मला त्या लांबच्या रस्त्यानं जावं लागलं.

निमामावशी आता रिटायर झाली आहे. रोज सकाळी पोरींना खेळवते, आणि अजूनही, खोटं वाटेल तुला, बॉल बघितला की सगळाच मारते. परवा म्हणत होती, गौरीचा खेळ एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. दिवाळीची वाट बघू नकोस. नवं धान निघतं आहे, तांदळाचा वास घरभर आहे, आणि माझे गुडघे आता तुझ्या पुण्याच्या गाडीचे राहिले नाहीत, म्हणून तूच ये. नागपूरला उतरलीस की फोन कर, मावशी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर येईल. चार दिवस राहायचं ठरवूनच ये, आणि लवकर ये.